कॉम्प्युटरमागची अढी

लिहा म्हणे! सगळ्या आळीने ही हकिकत आमच्या हिच्या, कुसुमच्या, तोंडून चार-चार वेळा ऐकली, पोट धरधरून हसली, आणि आता वर ती मीच लिहून द्यायची. मी चौथी पास (तीही मास्तर कंटाळले म्हणून). चुका सापडल्या तर आपापल्या घरी दुरुस्त करून घ्या.

झालं एवढंच. हंगामातले शेवटचे पाच डझन हापूस घरात आले आणि माळ्यावर जागा नव्हती. आमच्या नातीच्या, मनस्विनीच्या, कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली असतो. त्याच्या पाठीतून दिवसभर गरम वारा येतो. फुकट! एवढी ऊब वाया घालवणारा माणूस मी नव्हे. डब्याला चिकटून पेंढा अंथरला, आंबे लावले, वर पुन्हा पेंढा, त्यावर गोणपाट. माळ्यावर दहा दिवस लागतात, इथे सहात काम. कोणाला बोललो नाही. (शोध लावणाऱ्याने बोलू नये.)

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर बंद पडायला लागला. दहा मिनिटं नीट, मग एकदम काळोख.

मनस्विनीला दापोलीला शेतकी कॉलेजात जायचं होतं (आंबा शिकायला दापोलीला! घरात मी काय नारळ सोलायला बसलोय?). फॉर्मचा शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचची, आणि दाखले सगळे त्या डब्याच्या पोटात. तिसऱ्या पानावर आली की मशीन गप्प.

"आबा, चार वाजले हो!" पोर रडकुंडीला आलेली.

"व्होल्टेज," मी म्हटलं. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. कुसुमचा मिक्सर, आतल्या वाटणासकट, बंद केला.

"अहो, माशाचं कालवण काय नुसत्या पाण्यात करू?"

"नातीच्या आयुष्याचा प्रश्न आहे गो, आणि तुला कालवण सुचतंय!"

मग जुन्या रेडिओला देतात तशा डब्याला दोन थपडा दिल्या. एक दिवा लागत होता, तोही गेला.

शेवटी कुसुमने उन्मेषला फोन केला. स्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे (दुरुस्ती कमी, तोंड जास्त). आला, टेबलाखाली वाकला, हुंगला.

"आबा, वास कसला?"

"नव्या मशीनला येतोच."

"सात वर्षांच्या मशीनला?" त्याने गोणपाट उचललं. "हे काय?"

"अढी."

"कॉम्प्युटरची?"

"आंब्यांची, मेल्या! वारा फुकट जात होता."

"अहो, त्याने आतली गरमी बाहेर टाकायची, तर तुम्ही दारातच गादी घातलीत. घुसमटून बंद पडतोय तो!"

पेंढा ओढला, जाळीतल्या काड्या ब्रशने काढल्या, वर टेबलफॅन लावला. पाचला सात मिनिटं असताना फॉर्म गेला. मनस्विनीने आजीला मिठी मारली, उन्मेषचे आभार मानले. (व्होल्टेज मी सांभाळलं होतं, हे कोणाच्या लक्षात नाही.)

"मशीन ठणठणीत आहे," उन्मेष जाता जाता म्हणाला. "आबा तेवढे बदला."

त्याचं मी मनावर घेतलं नाही. परका माणूस. पण पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईने पदर खोचून, अगदी गंभीरपणे विचारलं, "एक्स्चेंजमध्ये काय येईल रे?"

"ह्या मॉडेलला गिऱ्हाईक नाही, आजी."

"मग राहू दे पडून. अडगळीत अडगळ."

ह्याला तीन महिने झाले. उन्मेषला मी केव्हाच माफ करून टाकलं. माफी मागायची राहिली आहे ती कुसुमने.