सुबोधचे आईवडील

देशमाने सरांच्या क्लासची मुलं वर्षानुवर्षं ज्याला इंग्रजीत पत्रं लिहीत आली, तो सुबोध मंगळवारी दुपारच्या एसटीनं बार्शीत उतरला आणि थेट सरांच्या दारात येऊन उभा राहिला. तो मुळात नव्हताच, एवढीच काय ती अडचण. पण दारात आलेल्या माणसाला ‘तू नाहीस’ असं म्हणायची आपल्याकडं रीत नाही, तेव्हा इंदुमतीबाईंनी त्याला आधी पाणी दिलं.

‘मी खुशाल आहे,’ सुबोध म्हणाला, ‘आपणही खुशाल असाल अशी आशा करतो.’

‘बसा,’ इंदुमतीबाई म्हणाल्या. ‘अहो, तुमच्याकडं कोण आलंय बघा.’

आता सरांचं काय होतं, की इन्फिनिटिव्ह आणि अनौपचारिक पत्र हे दोन पक्षी ते एकाच दगडात मारायचे. मित्राला सुट्टीत बोलावण्याचं पत्र त्यांनी लग्नाच्या वर्षी रचलं, आणि आंबे खायला टू ईट, भगवंताचं देऊळ बघायला टू सी, विहिरीत पोहायला टू स्विम, असं सगळं त्यात कोंबलं. ‘टू लावलं की क्रियापद मोकळं सुटतं,’ सर सांगायचे, ‘कधी करणार, कोण करणार, काही विचारायचं नाही.’ दरवर्षीच्या मुलांना तेच पत्र. वरच्या कोपऱ्यातला पत्ता चुकला की सर वही भिरकावून द्यायचे. म्हणून मुलं आपापल्या घरचा पत्ता लिहायच्या भानगडीत पडतच नसत, सगळी सरांचाच पत्ता लिहीत. इतक्या मुलांनी एकाच घरी बोलावल्यावर माणूस दुसरीकडं जाईल कुठं?

सुबोधची चाळिशी उलटली होती, कानशिलावर पांढरं दिसत होतं आणि तो अजून नववीत होता. जवळ एक कापडी पिशवी होती. ती त्यानं दोन्ही हातांनी उचलून सांभाळून कोपऱ्यात ठेवली.

सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. ‘राहायला कुठं असतोस?’

‘अनौपचारिक पत्रात समोरच्याचा पत्ता लिहीत नाहीत, सर.’

‘बरोबर आहे,’ सर म्हणाले. उत्तर बरोबर असलं की त्यांना पुढं काही बोलता येत नसे.

जेवणं झाली. आमरसाच्या तीन वाट्या झाल्या. संध्याकाळी सरांनी त्याला देऊळ दाखवलं. विहीर मात्र कधीच बुजवली होती, तेव्हा पोहणं सरांनी माफ केलं. घरी आल्यावर ते म्हणाले, ‘झालं बाबा सगळं. सुट्टी चांगली गेली ना?’ आता पाहुणा निघेल, असं त्यांच्या मनात होतं. पाहुणा आणि मासा तिसऱ्या दिवशी वास मारतो म्हणतात, आणि हा तर पहिल्याच दिवशी त्यांच्या छातीवर बसला होता.

‘सर, मी आंबे खायला नव्हतो आलो,’ सुबोध म्हणाला, आणि त्यानं पिशवी पुढं ओढली. ‘ह्याचं काहीतरी करा. आता ठेवायला जागा उरली नाही.’

पिशवीत नमस्कार होते. प्रत्येक पत्राच्या शेवटी मुलांनी लिहिलेले: तुझ्या आईवडिलांना माझा सादर नमस्कार सांग. दिसायला तसं त्यात काही नव्हतं, पण सरांनी उचलून बघितली तर पिशवी जागची हलेना.

‘सांगितले का नाहीस मग?’

‘कुणाला सांगू?’ सुबोध म्हणाला. ‘तेच विचारायला आलोय. माझे आईवडील कोण, सर? पत्र तुम्ही सांगितलंत, तुम्हालाच ठाऊक असणार.’

सरांनी घसा खाकरला. ‘हे बघ, ती पद्धत असते. पत्राचा शेवट तसा करतात. त्याला अर्धा मार्क असतो.’

‘म्हणजे नाहीत?’

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ ओढलेला माणूस, पण ही चूक कुठल्या रकान्यात घालावी ते सरांना समजेना.

‘ज्याचे त्याला परत करू,’ ते शेवटी म्हणाले. ‘पोरं मोठी झाली असतील. पत्ते काढू.’

‘हा कुणाला परत करू?’ सुबोधनं पिशवीत हात घालून एक वर काढला. ‘रोहिणी बोराडेचा आहे.’

रोहिणी खिडकीशी बसायची. पत्र लिहिलं आणि त्याच पावसाळ्यात काविळीनं गेली. तिचं पत्र सरांनी पहिल्या नंबराचं म्हणून वर्गात वाचून दाखवलं होतं. ते त्यांना लख्ख आठवलं आणि फार वाईट वाटलं.

इंदुमतीबाई इतका वेळ दारात सूप घेऊन लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘ह्याचं नाव कुणी ठेवलं?’

‘कुणी म्हणजे? मीच,’ सर म्हणाले.

‘काही सांगू नका! नवीन लग्न झालेलं. पत्रासाठी एखादं नाव सांग म्हणालात. मी एक नाव मनात धरून ठेवलं होतं, आपल्याला लागेल म्हणून. ते तुम्हाला दिलं. म्हटलं, पत्रात राहू दे तोवर.’ त्यांनी सुपातली सालं झटकली. ‘पुढं लागलंच नाही.’

मग इंदुमतीबाईंनी हात धुतले, दोन पाट मांडले, डोक्यावरून पदर घेतला आणि एका पाटावर बसल्या.

‘बसा तुम्ही पण.’

‘अगं पण, असं कसं... ह्याला काही आधार...’

‘बसा म्हणते ना! आणि तू रे, पिशवी आण इकडं. एकेक दे, घाई करू नको. जेवायला वेळ झाला तरी चालेल.’

इंदुमतीबाईंच्या तोंडून ‘तू’ ऐकल्यावर सुबोध क्षणभर तसाच उभा राहिला. मग तो वाकला. एकेकाचं नाव घेऊन त्यानं दोघांच्या पायांवर डोकं ठेवायला सुरुवात केली. इंदुमतीबाई प्रत्येकाला ‘औक्षवंत हो’ म्हणत होत्या. सर आधी नुसती मान हलवत होते, पुढं पुढं त्यांचाही हात वर जाऊ लागला. रोहिणीचा आला तेव्हा इंदुमतीबाईंच्या तोंडात ‘औक्षवंत हो’ आलं होतं, ते त्यांनी गिळलं. ‘पोचला गं बाई,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

दिवे लागायच्या वेळेला सुरू झालेलं ते काम पार पडलं तेव्हा भाजी गार झाली होती. पिशवी रिकामी झाल्यावर सुबोधनं ती घडी करून फडताळात ठेवली, घरातलं माणूस ठेवतं तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळचा क्लास नेहमीसारखा भरला. सर पत्र सांगत होते, मुलं उतरवून घेत होती. आंबे झाले, देऊळ झालं, विहीर झाली. शेवटचं वाक्य सरांनी जरा हळू सांगितलं: तुझ्या आईवडिलांना माझा सादर नमस्कार सांग.

आत सुबोध कोथिंबीर निवडत होता. त्याच्याशेजारी बसलेल्या इंदुमतीबाईंनी तिथूनच आवाज दिला, ‘पोचले रे बाळांनो, सगळ्यांचे पोचले!’

पहिल्या बाकावरच्या तांबोळ्यांच्या रेश्मानं पेन वर केलं. ‘सर, हे पण लिहायचं?’

सरांनी थोडा विचार केला.

‘लिहा,’ ते म्हणाले.