तहकूब सभेचा पाडाव आणि आठवीची स्थापना

श्री. ज्याच्या दरबारी कोणास गैरहजर राहता येत नाही त्या परमेश्वरास प्रथम नमस्कार करोन, आणि जिने पहिले अक्षर हाती धरून गिरविले त्या माउलीस दुसरा नमस्कार करोन, शालिवाहन शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, आषाढ वद्य पंचमीस अमुक एका राज्यात जे युद्ध जाहले त्याची हकीकत लिहितो ती ऐसीजे. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर शेजारची चार राज्ये म्हणतील की हे तो आमचेच वर्णन, आणि भांडण लेखकाच्या दारी येईल.

राज्य लहानसे. उंबरे तीनशे, आळ्या दोन, वरली आणि खालची, आणि दोन्ही आळ्यांत एका नळावरून अकरा वर्षे वैर. शाळा होती ती सातवीपर्यंत. पुढे आठवी पाहिजे तर नदीपार चार कोस जावे लागे, आणि तेथे जाणारी एसटी आपल्या मर्जीने येई आणि आपल्या मर्जीने न येई. मुलगे सायकलीवर जात. मुली घरी बसत, आणि बसलेली मुलगी पाहून सोयरे येत, आणि सोयरे आले की वाजंत्री ठरे. दहा वर्षांत त्रेचाळीस मुली सातवी उतरल्या, पैकी तीन पुढे गेल्या. बाकीच्या चाळीस कोठे गेल्या ते विचारावयाचे प्रयोजन नाही, त्यांची लेकरे आता त्याच शाळेत येतात.

त्या राज्याची गादी शिरस्त्याप्रमाणे स्त्रियांस राखीव जाहली. तेव्हा पूर्वीचे अधिपती रंगराव यांनी आपले कुटुंब कौसल्याबाई यांस गादीवर बसविले, म्हणजे कागदावर बसविले, आणि गादीवर आपणच बसले. आपणांस मुखत्यार म्हणवून घेऊ लागले. राणीसाहेब घरी भाकऱ्या करीत, आणि मुखत्यार जेथे बोट ठेवीत तेथे सही करीत. रंगरावांचे राज्य ज्या अस्त्रावर चाले त्यास तहकूब सभा म्हणत. कायदा ऐसा की शंभर असामी हजर असल्याविना रयतेची सभा भरली मानू नये, तहकूब करावी, आणि घटकाभराने पुन्हा घ्यावी, आणि त्या तहकूब सभेस संख्येची अट नाही. मग रंगराव काय करीत, सभेची दवंडी स्मशानाच्या कोपऱ्यावर भर दुपारी पिटवीत, आणि सभा ठेवीत ती ऐन खुरपणीत सकाळी दहास. रयत शेतात. सभेत मुखत्यार, परगावचे चिटणीस दत्तोबा, आणि मुखत्यारांचे पाच मानकरी. अर्धा तास वाट पाहावी, तहकूब म्हणावे, चहा घ्यावा, आणि मग सात जणांनी मिळून पाहिजे तो ठराव एकमताने मंजूर करावा. ऐसी आठ वर्षे गेली. प्रस्तुत लेखक त्या पाच मानकऱ्यांपैकी एक होता. चहा उत्तम असे, हेही नमूद करतो.

त्या साली सुभ्याहून शिक्षणखात्याचा खलिता आला की तुमच्या शाळेस आठवीचा वर्ग मंजूर जाहला आहे, परंतु वर्गास खोली दाखवा, आणि खोली देत असल्याचा सभेचा ठराव पंचमीच्या सूर्यास्ताआधी पाठवा, नाही तर वर्ग नदीपार जाईल. राज्यात नवी बांधलेली एकच मोठी खोली होती, ती समाजमंदिराची. आणि त्या समाजमंदिरावर रंगरावांच्या मेहुण्यांचा डोळा, की तेथे मंगल कार्यालय काढावे. मग रंगरावांनी मनसुबा केला की पंचमीसच सभा ठेवावी, तहकूब करावी, आणि समाजमंदिर मेहुण्यांस द्यावे. म्हणजे शाळा सुटलेल्या मुलींची लग्ने लावावयास दूर जाणे नको. ही सोय लेखकासही तेव्हा चांगलीच वाटली होती. आज लाज वाटते, ती येथे लिहून ठेवितो.

आता सोजरबाईंचे वर्तमान. सोजरबाई खालच्या आळीच्या, धनी वारलेले, शाळेत मुलांची खिचडी शिजवीत. त्यांची कन्या वैजयंता त्याच साली सातवीत पहिली आली. सोजरबाईंचे दीर म्हणाले, "आठवी न्हाई तर पोरीला घरात ठिवून काय लोणचं घालायचं? स्थळ बोलून ठिवू. दोन वर्सांनी बार उडवू." सोजरबाई रोज सकाळी परिपाठाला उभ्या राहिलेल्या मुलांवरून एकवार नजर फिरवीत आणि एकशेसदतीस म्हणत, तर एकशेसदतीसच असत. ऐसी त्यांची नजर. त्यांनी चिटणिसांना गाठून सभेची वेळ आणि कायदा विचारला, आणि शंभर हा आकडा ऐकून त्या घरी आल्या, आणि आळ्यांतली डोकी मनाशी मोजू लागल्या, आणि त्यांस उमगले की एका आळीत शंभर होत नाहीत. दोन्ही आळ्या पाहिजेत.

मग सोजरबाईंची स्वारी वरल्या आळीस हौसाबाईंकडे गेली. हौसाबाई म्हणजे वरल्या आळीच्या खुरपणाऱ्या टोळीच्या मुकादम, जिभेस तिखट, अडतीस बायका त्यांच्या शब्दावर उठत आणि बसत. पुढील संवाद त्यांनीच लेखकास मागाहून सांगितला.

हौसाबाई म्हणाल्या, "तुमच्या आळीच्या बायांशेजारी आमी बसत न्हाई. नळावर काय झालं ते इसरलो न्हाई."

सोजरबाई म्हणाल्या, "बसू नगा. हुब्या ऱ्हावा. कायद्यात हजर म्हनलंय, बसलेलं म्हनलं न्हाई."

"आन् रोज बुडंल त्याचं काय?"

"उजाडायच्या आत पात धरायची आन् दहाला शेतातनं उठून यायचं. खुरपं हातात तसंच. तासाभरात माघारी."

हौसाबाईंनी हातातले खुरपे खाली ठेविले. मग म्हणाल्या, "माझी थोरली सातवीतच ऱ्हायली. आता तिच्या सासूचं बोलणं तेवढं कानावर येतं, तिचं काय बी येत न्हाई." आणि म्हणाल्या, "येतो. पर तुमच्यापासनं चार हात लांब."

तेथून सोजरबाई राणीसाहेबांकडे गेल्या. कौसल्याबाई परसात भांडी घाशीत होत्या. सोजरबाईंनी सर्व सांगितले आणि म्हणाल्या की सभेची मालकीण तुम्ही, तुम्ही आलात तर बरे होईल. राणीसाहेबांनी हातातला तांब्या तेवढा पुन्हा पुन्हा घासला. सोजरबाई उठून आल्या.

पंचमीचा दिवस उजाडला. मुखत्यार जरीकाठी उपरणे घेऊन समाजमंदिरी आले आणि खुर्चीवर विराजमान जाहले. पाच मानकरी सतरंजीवर बसले. चिटणिसांनी वही उघडली, आणि मुखत्यार घड्याळाकडे पाहू लागले, आणि इतक्यात बांधावरून रांग येताना दिसली. पुढे सोजरबाई, मागे खालच्या आळीच्या बायका, आणि चार हात सोडून हौसाबाईंची अडतीसांची फौज, सर्वांच्या पदराला चिखल आणि हाती खुरपी, आणि त्यांच्या मागे गिरणीवाला, दोन म्हातारे, काही तरणी माणसे, ऐसी सर्व येऊन दारी ठाकली. खुरपी बाहेर ठेविली, चपलांचा ढीग जाहला, आणि मंडळी आत येऊन एका बाजूस एक आळी आणि दुसऱ्या बाजूस दुसरी ऐसी उभी राहिली. चिटणिसांनी मोजले. म्हणाले, "एकशेतीन."

आता रंगरावांची अक्कल पाहावी. शत्रू असला तरी तारीफ करणे लेखकाचे काम आहे. त्यांनी मानकऱ्यांकडे पाहून भुवई उडविली, आणि आम्ही पाचही जण ती भुवई आठ वर्षे वाचीत आलो होतो, सबब निमूट उठलो आणि मागल्या दाराने बाहेर गेलो, आणि खिडकीशी उभे राहिलो. रंगराव म्हणाले, "मोजा पुन्हा." चिटणिसांनी मोजले. अठ्ठ्याण्णव. बायकांत चुळबूळ जाहली. सोजरबाईंचा चेहरा उतरला तो मी खिडकीतून पाहिला, आणि त्या ज्या कोपऱ्याकडे पाहत होत्या तेथे वैजयंता दप्तर छातीशी धरून उभी होती. मुलगी मतदार नव्हे, तिची गणना नाही. मला त्या क्षणी खिडकीशी उभे राहणे जड जाहले, परंतु मी उभाच राहिलो, हे लपवीत नाही.

इतक्यात पुढल्या दाराने राणीसाहेब कौसल्याबाई आल्या. हाताला पीठ. रंगराव हळूच म्हणाले, "तुम्ही कशाला आलात? चुलीवर दूध आहे ना?"

राणीसाहेब म्हणाल्या, "उतरवून आले." आणि खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या. सर्व सभा पाहते आहे, चिटणीस वहीत डोके खुपसून बसले आहेत, आणि खुर्ची एकच. मग रंगराव उठले. आठ पावसाळे ज्या खुर्चीत काढले तीवरून उठताना त्यांचे उपरणे खुर्चीच्या हातात अडकले, ते सोडवून राणीसाहेब बसल्या.

परंतु रंगराव हरणारे नव्हेत. म्हणाले, "बरे आहे. राणीसाहेब धरून नव्व्याण्णव. एक कमी. कायदा तो कायदा. चिटणीस, तहकूब लिहा."

चिटणिसांनी लेखणी उचलली. तेव्हा सोजरबाई बोलल्या, "थांबा की जरा. माझ्या मोजनीत शंभर येत्यात."

रंगराव हसले. म्हणाले, "खिचडीचा हिशोब नाही हा, बाई."

सोजरबाई म्हणाल्या, "तोच हाय. मी पोरं मोजते तवा गुर्जींना बी मोजते. गुर्जींना बी भूक लागती. तुमी सगळ्यांस्नी मोजलं, दादा. सोताला मोजायचं ऱ्हायलं."

मग राणीसाहेबांनी चिटणिसांस विचारले, "मुखत्यार हे पद कोणत्या कलमात आहे हो?"

चिटणीस म्हणाले, "कोणत्याही नाही, बाईसाहेब."

"मग हे इथे कोण म्हणून उभे आहेत?"

चिटणिसांनी रंगरावांकडे पाहिले, मग खुर्चीकडे पाहिले, आणि नोकरीत प्रथमच खुर्चीकडे पाहून उत्तर दिले, "मतदार म्हणून. यादीत दोनशे अकरावे नाव आहे."

"मग लिहा शंभर."

रंगराव संतापून दाराकडे निघाले, की आपण गेलो की पुन्हा नव्व्याण्णव. हौसाबाई दारापाशी होत्या, त्यांनी वाट सोडली आणि म्हणाल्या, "जावा, जावा. खुर्ची काय रिकामी ऱ्हात न्हाई आता." हे शब्द बसले. रंगरावांचे पाऊल उंबऱ्यावर अडले. बाहेर जावे तर माघारी आपले कुटुंब खुर्चीवर आणि आपण चपलांत, आणि आत राहावे तर शंभर. आणि मग माणूस रागात जी चूक करतो ती त्यांनी केली. खिडकीकडे पाहून ओरडले, "या रे पाचही जण आत! हात वर करून पाडा हा ठराव!" आम्ही आत गेलो. चिटणिसांनी न सांगता लिहिले, एकशेपाच. आता रंगराव एकटे गेले असते तरी सभा मोडती ना.

ठराव वाचला गेला की समाजमंदिर आठवीच्या वर्गास द्यावे. राणीसाहेबांनी विचारले, अनुकूल कोण. दोन्ही आळ्यांचे हात वर गेले, चिखलाचे, मेंदीचे, म्हाताऱ्यांचे थरथरते. राणीसाहेबांनी आपलाही वर केला, पिठाचा. आणि माझी कन्या तेव्हा सहावीत होती. रंगरावांनी माझ्याकडे पाहून भुवई उडविली, आणि मी ती वाचली, अर्थही कळला, आणि माझा हात वर गेला. खाली आणावा ऐसे वाटले नाही. शंभर अनुकूल, पाच प्रतिकूल. हौसाबाईंनी खालच्या आळीच्या एका बाईच्या पाठीत ऐसी थाप मारली की ती कळवळली, आणि ती अकरा वर्षांतली पहिली थाप. ठराव घेऊन चिटणीस मोटारसायकलीवर सुभ्यास गेले आणि सूर्य टेकडीवर असतानाच पावती घेऊन आले.

पुढल्या सोमवारी समाजमंदिरात आठवी बसली. चौदा मुली, त्यांत मागल्या सालांत घरी बसलेल्याही, आणि नऊ मुलगे. वैजयंता पहिल्या बाकावर. सोजरबाईंचे दीर ते पाहण्यास आले होते, दारातून पाहून गेले, आणि स्थळाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. परंतु आठवीस गुरुजी आले नव्हते. आठ दिवस जाहले, पंधरा दिवस जाहले, सुभ्याहून उत्तर येई की नेमणूक विचाराधीन आहे. मग राणीसाहेब म्हणाल्या, चला. दोन ट्रॅक्टर निघाले, दोन्हीत दोन्ही आळ्या मिसळून बसल्या, कारण वेगळे बसावयास जागाच नव्हती, आणि सुभेदारांनी खिडकीतून खाली पाहिले आणि त्याच दुपारी गुरुजींचा हुकूम निघाला, आणि मंडळी गुरुजींना ट्रॅक्टरवर बसवूनच घेऊन आली. त्या दिवशी किती असामी गेले ते कोणी मोजले नाही.

तात्पर्य. रंगराव सांप्रत शेती पाहतात आणि दहास सभेला येतात, कारण सभा आता संध्याकाळी सहास असते हे त्यांस अजून लक्षात राहत नाही. मेहुण्यांनी मंगल कार्यालय नदीपार काढले, तेथे म्हणे गिऱ्हाईक कमी. नळाचे भांडण चालू आहे, ते सुटले ऐसे लिहिले तर ही बखर खोटी ठरेल. वैजयंताबाई यंदा बारावीस, नदीपार जातात, एसटी न आली तर सायकलीवर. मागे तेरा मुली. त्यांत सहावीतली ती आता दहावीत आहे, आणि लेखक सकाळी तिची सायकल पुसून ठेवतो. हे लेखन बहुत काय करणे, शके एकोणीसशे पंचेचाळीस, माघ मासी, एका जुन्या मानकऱ्याने स्वहस्ते केले.