वाफेवर उघडलेली डाक

"या कचेरीत मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय!" हेडक्लार्क रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. आणि आता त्यांचंच बढतीचं पत्र गायब! मुख्य कार्यालयातून निघून तीन दिवस झाले, टेबलावर पत्ता नाही. बावीस वर्षं वाट पाहिलेलं पत्र हो! जीव टांगणीला लागणार नाही तर काय?

संशय थेट आवक कारकुनावर गेला. येणारी सगळी डाक त्याच्याच हातून जायची. सायनसच्या दुखण्याची रजा संपवून तो परतला होता आणि तेव्हापासून त्याची लक्षणं काही ठीक नव्हती. तासातासाला साबणाने हात धुवायचा. म्हणजे ठसे नकोत! पिशव्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायचा. म्हणजे पुरावे नकोत! शिवाय दिवसभर घटाघटा पाणी प्यायचा. याचा अर्थ लागेना, म्हणून हेडक्लार्कना तेच जास्त संशयास्पद वाटलं.

"एवढे हात कशाला धुताय?"

"दुखणं परत डको, साहेब," कारकून चोंदल्या आवाजात म्हणाला.

आवाजही बदलतोय लेकाचा!

चौथ्या दिवशी तो रेकॉर्डरूममध्ये फोनवर बोलत होता. हेडक्लार्कनी दाराला कान लावला.

"हो डॉक्टर, रोज सकाळी डाक साफ करतो! बंद वाटलं की वाफ देतो, अलगद उघडतं! आताही तेच करतोय."

हेडक्लार्कच्या अंगावर काटा आला. डाक साफ करतो! पाकिटं वाफेवर उघडतो! आणि 'डॉक्टर' म्हणजे नक्कीच टोळीचा म्होरक्या! घाबरून चोराचं व्याकरणही चुकलं, डाक 'उघडतं' म्हणे!

ते धावत जाऊन मोठ्या साहेबांनाच घेऊन आले. आत कारकून टॉवेल पांघरून टेबलावर ओणवा झालेला, खालून वाफ येतेय.

"पकडला रंगेहाथ!" हेडक्लार्कनी टॉवेल ओढला. भांडं कलंडलं, पाणी टेबलभर झालं आणि कारकून बेडकासारखा मागे उडाला.

"माझी डाक कुठाय?"

"डाक डाही हो साहेब, डाक!" कारकुनाने आपलं लालबुंद नाक चिमटीत धरून दाखवलं.

मोठ्या साहेबांनी शांतपणे खिशातून पाकीट काढलं. "तुमचं पत्र मीच ठेवून घेतलं होतं. सगळ्यांसमोर द्यायचं होतं. असो, अभिनंदन! आजपासून तुम्ही तक्रार निवारण अधिकारी."

हेडक्लार्कना हसावं की रडावं कळेना. दुपारी नव्या खुर्चीत जरा टेकतात तोच पहिली तक्रार समोर आली. कारकुनाच्या अक्षरात, त्यांच्याच विरुद्ध.

त्यांनी ती तीनदा वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कशाचाही संशय आला नाही.