बँकॉकमधील अकरा अनिवार्य पदार्थ

माणूस परदेशी जातो तो पाहण्यासाठी आणि परत येतो तो सांगण्यासाठी, हे सर्वमान्य सत्य आहे. मधल्या काळात तो काय खातो, याची नोंद मात्र कोणत्याच समाजाने गांभीर्याने ठेवलेली नाही. कॅनडातल्या रेजिना शहरातल्या आमच्या मराठी मंडळाने ती ठेवायचं ठरवलं, ते श्री. उल्हास दातार यांच्यामुळे.

मी मंडळाचा चिटणीस अरविंद. विद्यापीठात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे पुढील आकडे विश्वसनीय समजावेत. मंडळाची कुटुंबं एकसष्ट. भारतात जाताना बँकॉकला थांबलेली अडतीस. त्यांपैकी छत्तीस कुटुंबांनी तिथे तिन्ही त्रिकाळ एकाच पंजाबी हॉटेलात जेवण घेतलं. ('दालफ्राय छान असते,' असा एकमुखी अभिप्राय.) उरलेल्या दोहोंपैकी एकाला ताप होता आणि दुसऱ्याला एकादशी.

ही परिस्थिती उल्हासरावांना सहन होईना. ते १९७१ साली पुण्याहून आले आणि सरकारी रस्ते खात्यात तेहतीस वर्षं रस्त्यांना गुण देत राहिले. गाडीतून जायचं, खड्डे मोजायचे, दहापैकी गुण द्यायचे. दहापैकी दहा त्यांनी उभ्या कारकिर्दीत एकाही रस्त्याला दिले नाहीत. (एका रस्त्याला साडेआठ दिले होते. त्यावर पुढे वाहतूकच झाली नाही, म्हणून तो तसा राहिला.) निवृत्तीनंतर गुण द्यायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते घरातल्या आमटीला देत. पद्मजावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे गुण ऐकून घेत आणि आमटी वाढत.

२००९च्या डिसेंबरात त्यांच्या मुलीने, ऊर्मीने, बर्नाबीहून एक लिंक पाठवली. बँकॉकच्या रस्त्यावर मिळणारे, प्रवाशाने खाल्लेच पाहिजेत असे अकरा पदार्थ. 'खाल्लेच पाहिजेत' हा शब्दप्रयोग उल्हासरावांनी लाल पेनाने अधोरेखित केला. त्यांच्या मते अशी भाषा सरकार लसीकरणासाठी वापरतं आणि तिचा अवमान करता येत नाही.

ऊर्मी फोनवर म्हणाली, "डॅड, इट्स जस्ट फूड. जस्ट ईट इट."

"असं जस्ट कसं ईट करणार?" उल्हासराव म्हणाले आणि त्यांनी फाइल उघडली.

फाइलमध्ये प्रत्येक पदार्थाला एक तक्ता होता: चव, पोत, स्वच्छता, रांगेची लांबी, फोटो क्रमांक. पद्मजावहिनींनी 'आवडलं का?' असा एक रकाना सुचवला होता. तो मोजता येत नसल्यामुळे फेटाळण्यात आला. फेब्रुवारीत त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. वहिनी मंडळाच्या बैठकीत एवढंच बोलल्या होत्या, "चाळीस वर्षं झाली. कुठंतरी निवांत बसू जरा." इतिवृत्तात मी याची नोंद 'प्रवासास अनुमोदन' अशी केली.

पूर्वतयारी म्हणून जानेवारीत दातारांच्या बेसमेंटमध्ये शिबिर भरलं. बाहेर उणे चौतीस. इंजिन गोठू नये म्हणून गाड्या ब्लॉक हीटरला जोडून, बूट दाराशी काढून, मंडळी खाली उतरायची. खाली हीटर तेहतीसवर ठेवलेला आणि दमटपणासाठी दोन कुकर शिट्ट्या सोडत असलेले. बसायला नातवंडांची प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं, कारण बँकॉकला तशीच असतात. त्या हिवाळ्यात फ्लूची साथ असल्याने आधी हाताला सॅनिटायझर, मग हातात एकेक करून तीन मिरच्या; तिन्ही संपवल्या की उत्तीर्ण. सहभागी नऊ, उत्तीर्ण चार. (पाचवे वॉशरूममधून बाहेर येईपर्यंत निकाल लागला.) वहिनी नागपूरच्या. सावजी रश्श्यावर वाढलेल्या. त्यांनी तिन्ही मिरच्या खाऊन भांडी घासायला घेतली. त्यांचं नाव परीक्षार्थींत नव्हतंच.

याच शिबिरात शाकाहाराबद्दलचा ठराव क्रमांक चार संमत झाला. माशाचा सॉस हा सॉस असून मासा नव्हे, आणि जे दिसत नाही ते शाकाहारी. ठराव मांडणारे स्वतः कट्टर शाकाहारी होते. (त्यांना त्याच सॉसातलं पॅड थाय फार आवडतं.)

उत्तीर्ण चौघांपैकी दोघांनी ऐन वेळी माघार घेतली. एकाच्या मुलीची हॉकी होती, दुसऱ्याने कारण दिलं नाही. राहिलो उल्हासराव आणि मी. माझी पत्नी नीरजा आधीच पुण्याला गेली होती. म्हणून बँकॉकला आम्ही तिघंच उतरलो: परीक्षक, चिटणीस आणि वहिनी.

पहिले दोन दिवस कामकाज उत्तम चाललं. दोन दिवसांत सात पदार्थ उरकले. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला साडेसहा गुण. आंब्याच्या फोडींबरोबरच्या चिकट भाताला सात. अर्धा गुण आंबा हापूस नसल्याबद्दल कापला. नूडल्सच्या गाड्यांवर तिखट आणि व्हिनेगर यांच्या शेजारी साखरेचीही बरणी ठेवलेली असते, हे पाहून उल्हासराव भारावले. "ही माणसं सुसंस्कृत आहेत," ते म्हणाले आणि त्यांनी दोन चमचे घातले.

पद्धत ठरलेली होती. थाळी आली की वहिनींनी हात मागे घ्यायचा. उल्हासराव वरून, बाजूने आणि तिरके असे प्रत्येकी दहा फोटो काढत. मी फोटो क्रमांक लिहून घेई. मग खायचं. तोवर वाफ गेलेली असे, पण ती तशी कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आठवा पदार्थ होता. बोट नूडल्स, म्हणजे पूर्वी होडीतून विकायचे ते, आणि तेही एका ठरावीक गल्लीतल्या, निळ्या छत्रीखालच्या म्हातारीकडचेच. यादीतला फोटो चार वर्षांपूर्वीचा होता. गल्ली सापडली, छत्री सापडेना. ऊन असं की रेजिनाहून आलेल्या माणसाला आपण चुकून वितळतो आहोत असं वाटावं. वहिनींचा गुडघा सुजला होता. कोपऱ्यावर एक बाई ढकलगाडीवर काहीतरी करत होती. वहिनी तिथे थांबल्या.

"अहो, हे बघा. आप्पेपात्र!"

खरोखरच आप्पेपात्र होतं. काळं, बिडाचं, वाट्यावाट्यांचं. बाई त्यात नारळाच्या दुधातलं तांदळाचं पीठ ओतत होती. वास असा सुटला होता की मी फाइल मिटली.

उल्हासरावांनी यादी पाहिली. "हे यादीत नाहीये."

"नसू द्या. मी इथं बसते."

"पद्मजा, आठवा झाल्याशिवाय नववा घेता येत नाही."

"मग तुम्ही जा ना. मी कुठं अडवून राहिले?" असं म्हणून त्या गाडीशेजारच्या स्टुलावर बसल्या. चाळीस वर्षांत त्यांनी एखादा कार्यक्रम सोडल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. उल्हासराव क्षणभर उभे राहिले, मग चालू लागले. चिटणीस या नात्याने मला फाइलबरोबर जाणं भाग होतं.

आम्ही एक तास आणि पन्नास मिनिटं हिंडलो. निळ्या छत्र्या एकूण सहा आढळल्या. एकीखाली चपला, दोहोंखाली फळं, एकीखाली झोपलेला माणूस, एकीखाली लॉटरीची तिकिटं, एकीखाली कोणीच नाही. शेवटी एका टॅक्सीवाल्याने खुणा करून समजावलं की म्हातारी दोन वर्षांपूर्वी मुलाकडे गावी गेली. उल्हासरावांनी तक्त्यात 'स्थलांतरित' अशी नोंद केली आणि आम्ही परत फिरलो.

कोपऱ्यावर गाडी नव्हती. स्टूल नव्हतं. वहिनी नव्हत्या.

मी उल्हासरावांना एकोणतीस वर्षं ओळखतो. बर्फाच्या वादळात हायवेवर गाडी बंद पडली तेव्हाही हा माणूस शांतपणे रस्त्याला गुण देत बसला होता. इथे मात्र त्यांनी "पद्मजा!" अशी हाक मारली, आणि ती परीक्षकाची नव्हती. आमचे कॅनडातले फोन तिथे चालत नव्हते. हॉटेलचं कार्ड माझ्या खिशात होतं, म्हणजे वहिनींकडे नव्हतं. उल्हासराव दिसेल त्या माणसाला मराठीत विचारू लागले. मग इंग्रजीत, मग हिंदीत, मग पुन्हा मराठीत.

समोर एक उसाच्या रसवाली होती. तिला थोडं इंग्रजी येत होतं. ती म्हणाली, "फोटो? वाइफ फोटो?"

"येस, येस! फोटो!" उल्हासरावांनी कॅमेरा काढला आणि बटण दाबायला सुरुवात केली.

कॅमेऱ्यात दोनशे चौदा फोटो होते. पपई वरून. पपई बाजूने. पपई तिरकी. भात. आंबा. नूडल्स. पुन्हा नूडल्स. रसवाली मान हलवत पाहत राहिली. तिला वाटलं असावं, माणसाला भूक लागली आहे. उल्हासराव बटण दाबतच होते. एकशे साठ गेले. दोनशे गेले. वर्गवारी मी नंतर केली: पदार्थ दोनशे नऊ, पाट्या चार, आणि एका फोटोत आंब्याच्या थाळीमागे वहिनींचं कोपर.

"ही," उल्हासराव म्हणाले. "ही माझी बायको."

रसवालीने कॅमेरा जवळ घेतला आणि कोपर नीट निरखलं. कोपराबरोबर मनगटही आलं होतं आणि त्यात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. ती एकदम हसली, बांगड्या वाजवल्यासारखा हात हलवला आणि गल्लीच्या टोकाकडे बोट केलं.

साठ पार केलेला माणूस कसा धावतो याचा तक्ता माझ्याकडे नाही. मी मागे राहिलो एवढं सांगतो.

गल्ली संपते तिथे एक देऊळ आहे. ऊन कलल्यावर ती बाई गाडी तिथे लावते, हे आम्हाला नंतर कळलं. देवळाच्या भिंतीला लागून गाडी उभी होती आणि गाडीमागे, डोक्याला त्या बाईचा रुमाल बांधून, पद्मजावहिनी उभ्या होत्या. चमच्याने आप्पे सोडवत होत्या. बाई शेजारी स्टुलावर बसून स्वतःचे पाय दाबत होती. समोर गिऱ्हाइकांची रांग होती. (लांबी: अकरा माणसं.) एक गोरा प्रवासी वहिनींचे फोटो काढत होता.

"कुठं होते तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. "तीन घाणे होऊन गेले. तिच्या गाडीचं चाक अडकलं होतं, म्हटलं चला, लावू हात. हे उलटायचे नसतात बरं का. दोन अर्धे जोडायचे. मी पहिला घाणा बिघडवला, ती हसली फक्त."

उल्हासराव स्टूल ओढून बसले. वहिनींनी केळीच्या पानाच्या द्रोणात सहा आप्पे घालून त्यांच्या हातात दिले.

"फोटो नाही काढायचा?"

"बॅटरी संपली," ते म्हणाले.

कॅमेरा माझ्या हातात होता. बॅटरी भरलेली होती. हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.

त्यांनी गरम आप्पा तसाच तोंडात टाकला, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं कारण जीभ आहे असं आम्ही तिघांनी धरून चाललो. मग त्यांनी दुसरा खाल्ला. मग म्हणाले, "पद्मजा, बैस ना जरा."

"घाणा उतरवून येते," वहिनी म्हणाल्या, आणि खरंच आल्या. दिवे लागेपर्यंत दोघं त्या भिंतीपाशी बसून होती. उरलेले चार पदार्थ उरलेच.

मार्चमध्ये मंडळाच्या सभेत अहवाल सादर झाला. हॉल भरलेला होता. उल्हासराव उभे राहिले आणि म्हणाले की सात पदार्थांना गुण दिले, पण त्यांची चव आता आठवत नाही. आठवते ती यादीत नसलेल्या एका पदार्थाची, आणि त्याला गुण देता येत नाहीत. तेव्हा मंडळाने यादी रद्द करावी आणि आपलं माणूस जिथे बसेल तिथे बसावं. टाळ्या झाल्या. मग प्रश्नोत्तरांत बेचाळीस हात वर आले. बेचाळिसांचाही प्रश्न एकच होता: ती गाडी नेमकी कुठे लागते?

पुढच्या हिवाळ्यात आमची चौदा कुटुंबं तिथे जाऊन आली. अभिप्राय साधारण बरा, पण नाराजीचा एक सूर आहे. त्याचं कारण असं की त्या गोऱ्या प्रवाशाने वहिनींचा फोटो इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं: थाई आजीच्या हातची, पिढ्यान्‌पिढ्यांची अस्सल चव, बँकॉकला गेलात तर चुकवू नका. आता जगभरची माणसं तिथे जातात, गाडीमागच्या खऱ्या बाईला बघतात आणि खट्टू होतात. आमच्याच मंडळाच्या चित्रा लिमये परत येऊन म्हणाल्या, "छान आहे, पण मूळची आजी आता नसते. तेव्हापासून चव गेली म्हणे." त्या हे पद्मजावहिनींनाच सांगत होत्या, त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच हातचे आप्पे खाता खाता. वहिनींनी विचारलं, "अजून देऊ दोन?"

हे सगळं वाचून सुज्ञ वाचक हसला असेल, आणि हसता हसता एकदा मजकुरात वर जाऊन त्या देवळाचं नाव कुठे आलंय का, हेही त्याने पाहिलं असेल. ते मी दिलेलं नाही. चिटणीसाकडे लेखी विचारणा करता येते. आजवर एकशे सात आल्या असून सर्वांची सुरुवात 'सहज विचारतोय' अशी आहे. तुम्ही निदान वेगळी करा.