कोंडीभाऊंच्या आढ्याला नदी

आंबीच्या कोंडीभाऊंच्या घरात वाकूनच शिरावं लागे. दार ठेंगणं नव्हतं. आत आढ्याला इंद्रायणी टांगलेली होती.

म्हणजे अंबाडीच्या दोऱ्या. पावसाळ्यात भाऊ रोज उतारावर, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागी जात, पाणी बघत आणि घरी येऊन दोरीला गाठ मारत. गुडघाभर पाण्याला साधी गाठ, कमरेएवढ्याला दुहेरी, माणूस वाहून जाईल एवढं असलं की गाठीत चिंचोका. महिन्याला एक दोरी. अशी कैक वर्षं.

आम्ही तेव्हा त्या उतारावर साकव मागत होतो, पायी जाण्यापुरता पूल. पत्रकं काढून काढून माझी बोटं निळी झाली होती. कचेरी निर्लज्जपणे म्हणे, पुराचा पुरावा आणा. मी तळेगावहून कोरी वही घेऊन भाऊंकडे गेलो आणि बजावलं, हा पसारा वर्षवार उतरवून काढा.

"आदी सवाल सांग, मंग भांडं देतो," भाऊ उखडले. हे त्यांचं पालुपद. सुनेनं डबा मागितला तरी तिला हेच ऐकावं लागे. त्यांचं म्हणणं असं, की वर्षवार वहीत एका महिन्याची चौकशी करायची तर सगळी वही चाळावी लागते. त्यांच्याकडे सगळे आषाढ एका वाशाला, सगळे श्रावण दुसऱ्या. हात फिरवला की उत्तर.

शेळीनं खाल्लं तर, मी विचारलं.

"एक भादवा खाल्लाय तिनं. तुजी वही वाळवी वरसासकट खाईल."

मला खरा संताप दुसऱ्याच गोष्टीचा. थोरला पूर आषाढाचा, तर तो चुलीच्या धुरात. आणि दाराजवळची उजेडाची जागा श्रावणाला! का, विचारलं तर म्हणाले, "त्या म्हैन्याला सवाल लय." आणि तंबाखू मळत बसले.

शेवटी कचेरीचे साहेब आले. वाकले नाहीत, त्यामुळे चिंचोके थेट कपाळावर. श्रावणात उतार बंद पडतो तो एखाद्याच वर्षी ना, त्यांनी विचारलं. भाऊंनी श्रावणाच्या दोऱ्यांवरून हात फिरवला. एक दोरी सोडून सगळ्या खडखडल्या.

"मोजा," भाऊ म्हणाले. "न्हाईतर डोस्कं पुन्यांदा आपटा."

साकव मंजूर झाला. सगळं श्रेय भाऊंनी गावभर फिरून स्वतःला देऊन टाकलं.

साकव झाल्यावरच्या पहिल्या नागपंचमीला मी तिथं भाषणाला उभा राहिलो, तर भाऊच गायब. दिसले ते पल्याडून, थोरल्या बहिणीचा हात धरून येताना. आक्का पल्याडच्या वाडीत दिलेली. पंचमीला माहेरी निघायची ती, आणायला निघायचे हे, आणि मध्ये नदी. दोन काठांवरून एकमेकांना बघायचं आणि घरी परतायचं.

"अरं सोड की, मला डोळं हायेत," आक्का करवादत होती. भाऊ सोडत नव्हते. माझं भाषण राहूनच गेलं.

पुढं एकदा गेलो तर त्यांच्या घरात ताठ मानेनं शिरता आलं. दोऱ्या परसात होत्या आणि त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढला होता, चिंचोक्यांसकट. मी भडकलो. एवढा पुरावा, भाऊ!

"सवाल मिटला. आता भांडं कशाला?"

दाराजवळच्या वाशाला मात्र एक दोरी तशीच होती. तिच्यात एकही चिंचोका नव्हता. त्या श्रावणात आक्का नदीतून चालत आली होती.