कृपया नेमके लिहावे

शिंक येणार असं वाटलं की सुलभाताई आधी खुर्ची शोधतात. बोलता बोलता डोळे बारीक होतात, एक हात वर जातो, म्हणजे ‘थांब’. मग त्या दिसेल तिथे बसतात, पायावर पाय टाकतात आणि शिंकतात. एकदा तर मेट्रोत त्यांनी एका धडधाकट तरुणाला उठवलं, बसून शिंकल्या, “थँक्यू बेटा” म्हणाल्या आणि त्याची जागा त्याला परत दिली.

नोएडातल्या आमच्या ऑफिसात परदेशी इस्पितळांतले कागद येतात. डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचायचा आणि त्याला ठरलेला कोड द्यायचा, हे आमचं काम. आमच्या टीमकडे बायकांचे आजार. सुलभाताई नऊ वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर आहेत. मयूर विहारात राहतात, एकट्याच. सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं त्यांनी केलं, मग सासूबाई गेल्या, नंतर यजमानही.

त्यांचं वैर एकाशीच, मोघम लिहिणाऱ्या डॉक्टरशी. ‘अंग बाहेर येतं’ एवढंच लिहून डॉक्टर मोकळा झाला की आम्ही ‘तपशील नाही’चा कोड लावून पुढे सरकतो. तो कोड त्यासाठीच आहे. सुलभाताई सरकत नाहीत. “गर्भाशय अर्धवट उतरलंय की पूर्ण? हा काय हवामानाचा अंदाज आहे?” असं पुटपुटत त्या डॉक्टरला लेखी विचारणा पाठवतात. आमच्याकडे तिला क्वेरी म्हणतात. त्यांच्या प्रत्येक क्वेरीच्या शेवटी एकच वाक्य : कृपया नेमके लिहावे.

कँटीनवालाही यातून सुटलेला नाही.

“सब्जी कौन सी है?”

“मिक्स वेज, मॅडम.”

“मिक्स में क्या-क्या?”

“जो है, सब है.”

“सब नाम की कोई सब्जी नहीं होती, भैया.”

दिवाळीच्या पार्टीत दरवर्षी एकाची थट्टा करणारं भाषण असतं आणि ते माझ्याकडे असतं, कारण माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी असते. यंदा पाळी सुलभाताईंची होती. मी डायरी उघडली. एक, शिंकण्याआधी बसतात. दोन, मधे भोक असलेली निळी उशी. तिला ‘सिंहासन’ हे नाव मीच ठेवलं होतं. तीन, बाथरूमजवळची खुर्ची, जिच्यासाठी त्या साहेबांशी भांडल्या होत्या. चार, पाण्याची बाटलीसुद्धा स्वतः उचलत नाहीत, “यार मीना, जरा दे ना” म्हणतात. पाच, कुठल्याही सहलीला येत नाहीत, आग्र्यालासुद्धा.

पाचवा मुद्दा लिहिला आणि पेन थांबलं. यादी वरून खाली पुन्हा वाचली. अशी लक्षणं लिहिलेले कागद मी रोज वाचते. कोड मला पाठ आहे. कागदावर नाही ते झालंच नाही, असा आमच्या धंद्याचा नियम. त्या नियमानं नऊ वर्षं माझ्या शेजारी काहीही झालेलं नव्हतं.

ते पान फाडलं.

विचारायचं कसं? क्वेरीत उत्तर सुचवायचं नसतं, हे सुलभाताईंनीच मला शिकवलं होतं. मी पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, ‘उशी कधीपासून? कशासाठी? कृपया नेमके लिहावे.’ आणि ती त्यांच्या स्क्रीनवर चिकटवली. त्यांनी वाचली, घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी माझ्या स्क्रीनवर होती. ‘अकरा वर्षं. सासूबाईंना उचलत होते तेव्हापासून. पूर्ण उतरलंय. हाताने आत सारावं लागतं. डॉक्टर : कोणीही नाही.’

मी त्यांना जिन्याकडे ओढत नेलं.

“सुलभाताई, कुणालाच नाही सांगितलंत?”

“कुणाला सांगू? ह्यांना? तुमच्या आईला उचलून असं झालं म्हणून? नंतर हे गेले. साताऱ्याला बहीण वारली, तेव्हासुद्धा मी गाडीत बसले नाही. एवढा प्रवास कसा करणार? रजा नाही म्हणून कळवलं.”

“आणि रोज त्या डॉक्टरांशी भांडता!”

“अगं, त्या बायका कुठेतरी जाऊन, तोंड उघडून सांगून आलेल्या असतात. केवढा धीर लागतो त्याला! आणि तो दोन शब्दांत उडवतो?” त्यांनी कठड्याला धरलं. “मला अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही, मीना. तुझी पहिली क्वेरी.”

पुढची कामं मला जमतात. डॉक्टर, तपासण्या, रजेचा अर्ज, मयूर विहारच्या फ्लॅटची किल्ली. सगळं यादीत घातलं आणि एकेक खोडत गेले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इस्पितळाच्या काउंटरवर फॉर्म भरत होतो. ‘तक्रार’ या चौकटीत सुलभाताईंनी तीन ओळी लिहिल्या, चौकटीबाहेर गेल्या तरी थांबल्या नाहीत. ‘सोबत कोण’ इथे मी माझं नाव घातलं. नात्याच्या पर्यायांत पती होता, मुलगा होता, बहीण होती. मी ‘इतर’वर खूण केली.

“इतर?” त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, खूण खोडली आणि बाजूला काहीतरी लिहिलं.

काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. “आंटी, ये क्या लिखा है? बगल की कुर्सी वाली, नौ साल से? ये कौन सा रिश्ता हुआ?”

“जो है, वही लिखा है,” सुलभाताई म्हणाल्या.

मग त्यांचे डोळे बारीक झाले आणि एक हात वर गेला. मी झटकन खुर्ची पुढे ओढली. त्या बसल्या, पायावर पाय टाकला.

शिंक नव्हती ती, रडू होतं.