रिकामा पाळणा पाठवत नसतात

गुरुपादप्पांच्या घरातला सागवानी पाळणा ऑस्ट्रेलियाला जायला निघाला तो उन्हाळा काही साधासुधा नव्हता. उदगीरला नळाचं दर्शन दुर्लभ झालं होतं आणि लातूरला तर चक्क रेल्वेनं पाणी येत होतं. लोक घागरी घेऊन टँकरमागं पळत होते, आणि गुरुपादप्पा पाळण्याला आंघोळ घालायच्या खटपटीत होते.

त्याचं असं झालं. त्यांचा मुलगा सिद्धेश्वर हैदराबादची नोकरी सोडून बायकोला घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. सुनेला दिवस गेलेले. हैदराबादच्या घरातलं सामान मागून जहाजानं जायचं होतं. त्यात आपला पाळणा गेलाच पाहिजे, असं शिवकांताबाईंनी ठरवून टाकलं. त्या पाळण्यात सिद्धेश्वर वाढला होता आणि त्याच्याआधी खुद्द गुरुपादप्पा. आता गुडघ्यांनी संप पुकारलेला असल्यामुळे आजी-आजोबा काही तिकडे जाणार नव्हते.

"आपुन न्हाई तर पाळना तरी जाऊ द्या," शिवकांताबाई म्हणाल्या. "लेकराला आपल्या घरचं कायतरी लागावं."



सिद्धेश्वरनं मात्र फोनवर बजावलं. "अप्पा, हितं लाकडाचं न् जनावराचं काई आलं की लई कडक बघतात. किडा, माती, दाना, काई म्हंजी काई दिसलं न्हाई पायजे."

"तू काळजी करू नको," गुरुपादप्पा म्हणाले. "आडतीवर जनम गेला माजा."

ते खरंच होतं. मोंढ्यात चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या मालातले खडे काढले होते. मुठीत दाणा घेतला की किडका की निका, ते न बघता सांगायचे. शेतकरी त्यांच्या मुठीला तराजूपेक्षा जास्त भीत. तोच कडकपणा त्यांनी आता घरात सुरू केला. शिवकांताबाईंनी ओसरीवर पोळपाट, रवी, लोकरीची लहान घोंगडी आणि मोरपिसांचा झुपका मांडून ठेवला होता.

"हे समदं लाकूड न्हाईतर जनावर हाय. न्हाई जायचं."

"मोर काय जनावर हाय का?"

"मग काय भाजी हाय?"

अखेर तडजोड झाली. पाळणा आणि घोंगडी, बाकी सगळं परत फडताळात. घोंगडी उन्हात झटकून झटकून निम्मी झाली. चांदपाशा सुतारानं पाळण्याची भोकं लुकणानं बुजवली, रंधा मारला आणि म्हणाला, "अप्पा, अब एक बार धुवायला पायजे. कोपऱ्यात लई माती हाय."

धुवायला पाणी टँकरचं. शिवकांताबाईंनी स्वतःची आंघोळ दोन दिवस पुढं ढकलली आणि अंगणात पाळणा धुवायला काढला. शेजारच्या गौरम्मा भिंतीवरून बघत होत्या.

"आमी पोरांची तोंडं ओल्या फडक्यानं पुसून राहिलो, अन् ह्यांच्या पाळन्याला न्हानं!"

गुरुपादप्पा उदगीर जिल्हा व्हावा म्हणून नेमलेल्या समितीत होते. कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध असे. "वैनी, उदगीर जिल्हा झाला असता तर ही पाळी आली नसती. पानी रोज आलं असतं."

"लातूर जिल्हाच हाय की," गौरम्मा म्हणाल्या. "तितं आगगाडीनं यिऊन राहिलंय."

गुरुपादप्पा त्या दिवशी पुन्हा अंगणात आले नाहीत.

मग निघालं धुरीचं. लाकडातला किडा मारायला औषधाची धुरी द्यायची आणि तसा दाखला घ्यायचा, तोही हैदराबादला जाऊन. "बाळाला धुरी देतात, बाळंतिनीला देतात," शिवकांताबाई म्हणाल्या, "पाळन्याला बी देतात हे नवीनच!" जिल्हा झाला असता तर ही धुरी उदगिरातच मिळाली असती, असं गुरुपादप्पांनी सांगून पाहिलं, पण जीप ठरवावीच लागली.

निघायच्या सकाळी पाळणा उचलायला गेले तर तो जड लागला. घोंगडी वर केली तर खाली नारळ, हळकुंड आणि मूठभर ज्वारी.

"हे काय हाय?"

"रिकामा पाळना हलवत नसतात अन् पाठवत बी नसतात," शिवकांताबाई शांतपणे म्हणाल्या. "मूठभर जवारीनं काय बुडतंय त्यांचं?"

"पाळना बुडतोय! डोकं फिरलं का तुजं? धा येळा सांगितलं पोरानं. काढ आधी!"

गल्ली जमेल एवढ्या आवाजात ते बोलले. बाईंनी उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांनी हळकुंड आणि नारळ आत नेला, ज्वारी दाणा दाणा वेचली आणि देवापुढं नेऊन ठेवली. डोळ्याला पदर लावला तो कचरा गेल्यासारखा. गुरुपादप्पांना वाईट वाटलं, पण वाईट वाटलं असं बायकोला सांगायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. निघताना देवाला हात जोडायला म्हणून ते आत गेले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा रुमाल खिशात फुगलेला होता.

हैदराबादला धुरी झाली. दाखला मिळाला. सामान बांधणारी माणसं पाळण्याला कागद गुंडाळणार, एवढ्यात गुरुपादप्पा म्हणाले, "थांबा. एकदा हात फिरवतो."

हात फिरवता फिरवता त्यांनी गाठ मारलेला रुमाल घोंगडीखाली सारला. उदगीरहून सोबत आलेला चांदपाशा मागंच उभा होता.

"अप्पा, दाना नै चलता बोले थे ना?"

"तू काय बघितलास?"

"मैं? काई नै."

परतीच्या वाटेवर गुरुपादप्पा चांदपाशाशी जिल्ह्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. चांदपाशानं त्यावरूनच काय ते ओळखलं.

पावसाळा लागला, पाळणा समुद्रावर होता. पुढं एका सकाळी सिद्धेश्वरचा फोन आला. शिवकांताबाईंनी तो दोघांना ऐकू येईल असा ठेवला.

"अव्वा, मुलगी झाली! दोगी बी बऱ्या हायत."

बाईंनी हात जोडले. गुरुपादप्पा नाक ओढायला लागले. मग तिकडचा आवाज उतरला.

"अन् एक हाय. पाळना ऱ्हायला न्हाई, अव्वा. तपासताना घोंगडीखाली रुमालात जवारी गावली. तिच्यात सोंडे किडे होते, जित्ते. लाकडाच्या फटीत बी शिरलेले. काय करायचं ते कळवा म्हनले, पन मी ह्या दवाखान्याच्या धांदलीत. मुदत गेली. जाळला त्यांनी."

गुरुपादप्पांचा हात आपल्या रिकाम्या खिशाकडं गेला.

"अव्वा, एवढं सांगितलं होतं ना गं तुला? तरी घातलीसच?"

"हाव बाबा," शिवकांताबाई म्हणाल्या. "चुकलं माजं."

फोन बंद झाला. त्या दुष्काळात नवी ज्वारी आलीच नव्हती. घरात होती ती जुन्या पोत्याच्या तळची. चाळीस वर्षं लोकांचे दाणे पारखले आणि ही एकच मूठ आपण न बघता बांधली, हे गुरुपादप्पांच्या जिव्हारी लागलं. आपलं बाळपण, पोराचं बाळपण, सगळं एका मुठीत गेलं.

"तू तर काढली होतीस की जवारी," ते कसेबसे म्हणाले.

"हाव."

"मग चुकलं कशाला म्हनलीस?"

"मग काय सांगू पोराला? तुज्या आडत्या बापाला किडका दाना वळखला न्हाई म्हनून?"

गुरुपादप्पांनी मान खाली घातली. "उदगीर जिल्हा झाला असता तर..." त्यांनी सवयीनं सुरुवात केली, पण पुढचं वाक्य काही सुचेना.

शिवकांताबाई पाळणा टांगायच्या छतातल्या रिकाम्या कड्यांकडं बघत होत्या. डोळे भरून आले होते, आणि तरी ओठ किंचित हसत होते.

"मला वाटलं देवापुढची जवारी मुंग्यांनी नेली," त्या म्हणाल्या. "म्हंजी रिकामा न्हाई गेला."

"न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले.

"बास झालं मग. उठा, साखर वाटायची हाय. अन् पैली गौरम्माला द्या."